पालीची शेपटी उगवते, सरड्याची का नाही?

खानदेशातल्या कोणत्याही जुन्या घराच्या भिंतीवर पाल असते आणि त्याच घराच्या परसातल्या बाभळीच्या कुंपणावर सरडा असतो. दोघेही सरीसृप, दोघेही कीटकांवर जगणारे, आणि मांजर, कावळा व साप यांचे भय दोघांनाही सारखेच. पालीची शेपटी तुटली तर काही आठवड्यांत तिथे नवी शेपटी वाढू लागते. सरड्याची तुटली तर तो जन्मभर लांडाच राहतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि पुनर्जननाचा, म्हणजे तुटलेला अवयव पुन्हा उगवण्याचा, भाग आला की वर्गातून हा प्रश्न हमखास येतो, कारण यावल-रावेर पट्ट्यातल्या शेतांत वाढलेल्या मुलांनी हे दोन्ही प्राणी पुस्तकाबाहेर भरपूर पाहिलेले असतात. त्यावरचे नेहमीचे उत्तर असे की, पालीला शेपटीची गरज होती म्हणून तिच्यात ही क्षमता आली. हे उत्तर मला कधीच पटलेले नाही. गरज सरड्यालाही आहे. फांद्यांवरून फिरताना तोल सांभाळायला त्याची लांब शेपटी त्याच्या फार उपयोगाची असते. केवळ गरजेने अवयव परत येत असते, तर पक्ष्याला पंख आणि माणसाला हात परत मिळायला हवा होता.

गेल्या काही वर्षांतले संशोधन वाचताना माझे मत असे बनत गेले आहे की, पुनर्जननाची क्षमता कशी निर्माण झाली, या प्रश्नावर आपण उगाच फार थांबतो. प्राण्यांच्या वंशवृक्षाच्या मुळाशी ती बहुधा होतीच. खरा इतिहास आहे तो ती कुठे गेली, कशामुळे गेली, आणि गेली म्हणजे नष्ट झाली की नुसती दबली, याचा. त्याशिवाय, पुनर्जनन या एकाच नावाखाली आपण ज्या गोष्टी घालतो, त्यांतल्या काही एकमेकींच्या नात्यातल्याही नाहीत.

या विषयाचा अभ्यास तसा जुना आहे. १७१२ मध्ये रेओम्यूर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यातल्या झिंग्यांसारख्या कवचधारी प्राण्यांचे तुटलेले पाय पुन्हा उगवतात, हे पद्धतशीर मांडले. कोळी आणि मच्छीमार ते त्याआधी कित्येक पिढ्या जाणून होते, हा भाग वेगळा. आपल्याकडेही नदीकाठी खेकडे धरणाऱ्या माणसाला एक नांगी मोठी आणि दुसरी अगदी लहान असा खेकडा अधूनमधून सापडतो. ती लहान नांगी पुष्कळदा नव्याने वाढत असलेली असते आणि प्रत्येक वेळी कात टाकताना ती थोडी मोठी होते. १७४० मध्ये हॉलंडमध्ये एका उमरावाच्या मुलांना शिकवणाऱ्या अब्राहम ट्रेम्ब्ली याने तळ्यातल्या पाण्यात सापडलेला एक इवलासा हिरवा जीव कापला. तो वनस्पती की प्राणी हे ठरवणे एवढाच त्याचा हेतू होता. दोन्ही तुकड्यांपासून दोन पूर्ण जीव तयार झाले आणि तरीही ते हालचाल करत, भक्ष्य पकडत होते. तो जीव म्हणजे हायड्रा. १७६८ मध्ये इटलीतील लाझारो स्पालान्झानी याने सॅलमँडर या शेपटीवाल्या उभयचर प्राण्याचे पाय आणि शेपटी, बेडूकमाशाची शेपटी आणि गोगलगायीचे डोके परत येते, असे प्रसिद्ध केले. डार्विननेही बीगल जहाजाच्या सफरीत, १८३६ मध्ये, टास्मानियातले जमिनीवरचे चपटे कृमी काही आठवडे सांभाळले होते; त्यांतला एक त्याने मधोमध कापला आणि पंधरवड्यात दोन्ही भागांना पूर्ण प्राण्याचे रूप आले.

मात्र उत्क्रांतीच्या अंगाने खरा वाद झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. जर्मनीतील ऑगस्ट वाइझमान यांचे म्हणणे असे होते की, पुनर्जनन हे नैसर्गिक निवडीने घडवलेले अनुकूलन आहे. जो अवयव वारंवार तुटतो आणि जगण्यासाठी महत्त्वाचा असतो, तोच परत येतो. अमेरिकेतील थॉमस हंट मॉर्गन यांनी हे मत तपासायचे ठरवले. फळमाशीवरच्या कामासाठी १९३३ मध्ये नोबेल मिळालेले हेच मॉर्गन; त्याआधी त्यांनी पुनर्जननावर वर्षानुवर्षे काम केले होते आणि १९०१ मध्ये त्यावर ग्रंथही लिहिला होता. त्यांनी रिकाम्या शंखात राहणारा संन्यासी खेकडा घेतला. या खेकड्याचे पुढचे पाय शंखाबाहेर असतात आणि सहज तुटतात, तर मागचे लहान पाय शंखाच्या आत सुरक्षित असतात. वाइझमान बरोबर असते तर आतले पाय उगवायला नको होते. ते उगवले.

याहूनही बोलके पुरावे होते. गांडुळाचा पुढचा मोठा भाग कापून टाकला, तर उरलेल्या मागच्या तुकड्याला कधीकधी तोंडाच्या जागी दुसरी शेपटीच येते. असा दोन शेपट्यांचा प्राणी काही खाऊ शकत नाही आणि उपाशी मरतो. कुर्ट हेर्ब्स्ट यांनी झिंग्याच्या वर्गातल्या प्राण्यांचा डोळा देठासकट कापला तेव्हा त्या जागी डोळ्याऐवजी स्पर्शिका उगवली. जिच्यातून प्राण्याला काहीही फायदा होत नाही, अशी ही नवनिर्मिती नैसर्गिक निवडीने त्याच कामासाठी घडवली असणे शक्य नाही. ती कुठल्यातरी अधिक मूलभूत यंत्रणेतून आपोआप होत असली पाहिजे. मॉर्गन यांचे निष्कर्ष सगळेच टिकले नाहीत, नैसर्गिक निवडीला त्यांनी तेव्हा फारच कमी लेखले, पण क्षमता असणे आणि तिचा उपयोग असणे या दोन बाबी वेगळ्या काढल्या पाहिजेत, हा त्यांचा आग्रह आजही मला अचूक वाटतो.

मग ही मूलभूत यंत्रणा कोणती? ज्या प्राण्यांत पुनर्जनन सर्वांत समर्थ आहे, त्यांच्याकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. स्पंज, हायड्रा, प्लॅनेरिया नावाचे चपटे कृमी यांपैकी बहुतेक जण अलैंगिक रीतीनेही वाढतात. हायड्राला मुकुल, म्हणजे कोंब, फुटतो, प्लॅनेरिया स्वतःला मधोमध ताणून दोन तुकडे करतो. शरीराच्या एका भागापासून पूर्ण शरीर घडवणे हे त्यांचे रोजचे काम आहे, जखम हे त्यासाठी केवळ एक वेगळे निमित्त. आमच्या भागात हे समजावणे सोपे जाते, कारण केळीचा घड उतरवल्यावर खोड तोडले तरी कंदाच्या बाजूने पील फुटते आणि त्यावर पीलबाग धरली जाते, हे इथे प्रत्येकाला माहीत आहे. केळीने पील धरण्याची शक्ती कोयत्याच्या घावासाठी कमावलेली नाही, ती तिची वंशवाढीचीच रीत आहे. या प्राण्यांतही पुनर्जनन हे वंशवाढीच्या आणि वाढीच्या यंत्रणेचे एक उपफळ म्हणून आले असावे, असे मानायला चांगला आधार आहे.

स्पंजांबद्दल थोडक्यात सांगतो. १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. पेशी सुट्या सुट्या होऊन पाण्यात पडल्या, पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांतून स्पंज तयार झाले. हायड्राही जवळपास तेवढाच चिवट आहे. त्याच्या तोंडाजवळचा लहानसा भाग दुसऱ्या हायड्राच्या अंगावर बसवला तर तिथे दुसरे शरीर फुटते, हे एथेल ब्राऊन यांनी १९०९ मध्ये दाखवले. म्हणजे डोके कुठे व्हायचे याचा संदेश त्या भागातून निघतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रावर दीर्घकाळ काम केले असून भारतात सर्वत्र आढळणाऱ्या हायड्राचे सविस्तर वर्णन त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. विहिरीच्या किंवा तळ्याच्या पाणवनस्पती काचेच्या बरणीत घालून एक रात्र शांत ठेवल्या तर काचेला चिकटलेला हायड्रा साध्या भिंगाने दिसू शकतो, आणि माझ्या मते पुनर्जनन शिकवायला यापेक्षा स्वस्त साधन नाही.

प्लॅनेरियावर मात्र थोडे रेंगाळायला हवे, कारण सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. या चपट्या कृमीचा २७९वा हिस्सादेखील पूर्ण कृमी घडवू शकतो, असा हिशेब मॉर्गन यांनीच मांडला होता. हे शक्य होते ते त्याच्या अंगभर पसरलेल्या निओब्लास्ट नावाच्या मूलपेशींमुळे, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या पेशींमुळे. किरणोत्साराने सर्व निओब्लास्ट मारलेल्या, म्हणजे मरणारच असलेल्या कृमीत अशी एकच पेशी बाहेरून सोडली, तर तिच्यापासून त्याचे सगळे शरीर हळूहळू नव्याने भरून निघू शकते, हे २०११ मध्ये सिद्ध झाले. परंतु पेशी असणे पुरेसे नाही, कापलेल्या टोकाला डोके घडवायचे की शेपूट, हेही पेशींना कळावे लागते. २००८ मध्ये एकाहून अधिक प्रयोगशाळांनी दाखवले की, हा निर्णय विंट नावाची संदेशप्रणाली घेते. जखमेपाशी तिची पातळी जास्त असेल तर शेपूट, कमी असेल तर डोके. तिच्यातल्या बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचे जनुक बंद पाडले की शेपटीच्या जागीही डोके उगवते.

आता यातला उत्क्रांतीचा भाग. सगळेच चपटे कृमी इतके समर्थ नसतात. काही जातींचा मागचा तुकडा जखम भरतो, पण त्याला डोके कधीच येत नाही आणि तो शेवटी मरतो. २०१३ मध्ये जर्मनी, अमेरिका आणि जपानमधील तीन गटांनी अशा तीन वेगवेगळ्या जातींवर एकाच सुमारास प्रयोग प्रसिद्ध केले. तिघांनीही कापलेल्या मागच्या भागात बीटा-कॅटेनिन दाबले, आणि ज्या जातीला ही क्षमता नाही असे शंभरएक वर्षे मानले जात होते, त्या जातीच्या शेपटीच्या तुकड्याला डोके आले. मेंदू, डोळे, सगळ्यासकट. निसर्गात कदाचित लाखो वर्षे न वापरलेली संपूर्ण यंत्रणा शाबूत होती. अडत होते ते फक्त विंटच्या प्रमाणापाशी. मी हा निष्कर्ष प्रथम वाचला तेव्हा, क्षमता गमावणे म्हणजे काय, याबद्दलची माझी कल्पनाच बदलली.

पुढे २०२३ मध्ये याच विषयावरील मोठा अभ्यास आला. जर्मनीतील योखेन रिंक यांच्या गटाने प्लॅनेरियांच्या ४० जाती प्रयोगशाळेत जिवंत पाळून त्यांची क्षमता मोजली आणि त्यांचा वंशवृक्ष तयार केला. डोके उगवण्याची क्षमता या वृक्षाच्या वेगवेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे कमी-जास्त झालेली आढळली, आणि जिथे प्रयोग करणे शक्य होते तिथे प्रत्येक वेळी विंट दाबल्यावर ती परत आली. त्यांनी मांडलेले कारण विचार करण्यासारखे आहे. प्रजनन संस्थेच्या घडणीतही विंटचा वाटा असतो. तुकडे होऊन वाढण्याऐवजी भरपूर अंडी घालण्याकडे ज्या जातींचा कल झाला, तिथे विंटची पातळी चढी राहणे लाभाचे ठरले असेल आणि त्याचा भुर्दंड म्हणून डोके उगवणे थांबले असेल. हे गृहीतक आहे, सिद्धान्त नव्हे. तरीही त्यातून एक शक्यता स्पष्ट होते: पुनर्जनन निरुपयोगी झाले म्हणूनच जाते असे नाही, दुसऱ्याच एखाद्या गुणाची निवड होताना ते बाजूला पडू शकते.

गांडुळांच्या बाबतीतही असेच घडलेले दिसते, आणि इथे एका समजुतीचा उल्लेख करणे भाग आहे. गांडूळखताचे बेड लावणारे आमच्याकडचे अनेक शेतकरी ठामपणे सांगतात की, फावड्याने गांडूळ तुटले तरी बिघडत नाही, एकाची दोन होतात. बहुतेक वेळा तसे होत नाही. पुढच्या भागाला नवी शेपटी येते, मागच्या भागाला नवे डोके येईल की नाही हे जातीवर आणि किती वलये तुटली यावर अवलंबून असते. आपल्या देशातली पेरिऑनिक्स एक्सकॅव्हेटस ही जात मात्र या बाबतीत खरोखर विलक्षण आहे. तिला पुढची आणि मागची दोन्ही टोके चांगली परत येतात. त्यामुळे ती समजूत अगदीच निराधार नाही, तिला चुकीचे गांडूळ जोडले गेले आहे इतकेच. आता त्याच गांडुळाची जवळची नातलग असलेली, म्हशींच्या डबक्यात आढळणारी जळू घ्या. तिला एकही नवे वलय येत नाही. जळूच्या शरीराचे खंड भ्रूणावस्थेतच ठरतात, संख्येने सर्व जळवांत सारखे असतात आणि पुढे वाढत नाहीत. शेपटीकडे नवे खंड जोडत राहण्याची जी वाढीची पद्धत गांडुळांच्या गोतावळ्यात आहे ती जळूने सोडली, आणि तिच्याबरोबर पुनर्जननही गेले.

पृष्ठवंशी प्राण्यांकडे वळल्यावर गोष्ट अधिक गुंतागुंतीची होते. माशांचे पर परत येतात. चार पायांच्या, म्हणजे चौपदी, प्राण्यांना जवळचा असलेला फुप्फुसमासादेखील आपला पर स्नायू-हाडांसकट परत उगवतो. सॅलमँडर हा तर या क्षेत्राचा मानकरी. आपल्या देशात त्याचा एक नातलग न्यूट दार्जिलिंगकडच्या डोंगरांत आढळतो, महाराष्ट्रात मात्र कुणी नाही. सॅलमँडरचा पाय कापल्यावर जखमेवर त्वचेचा पातळ थर येतो, त्याखालच्या पेशी आपली प्रौढ अवस्था अंशतः सोडून एकत्र जमतात आणि त्यांचा ब्लास्टेमा नावाचा गोळा बनतो. मज्जातंतू तिथवर पोहोचलेले असावे लागतात. ते तोडले तर वाढ थांबते. २००९ मध्ये ॲक्सोलोटल या मेक्सिकन जातीवर झालेल्या प्रयोगांनी दाखवले की, त्या गोळ्यातल्या पेशी वाटेल ते बनत नाहीत. स्नायूपासून आलेली पेशी स्नायूच घडवते, तिला आपले मूळ आठवत असते. म्हणजे प्लॅनेरियाच्या सर्वसमर्थ निओब्लास्टपेक्षा ही रीत पार वेगळी आहे. दोघांना एकच शब्द लावताना हे विसरता कामा नये.

सॅलमँडरने ही कला स्वतंत्रपणे कमावली, असे बराच काळ मानले जाई. जीवाश्मांनी ते मत हलवले. आजच्या सॅलमँडरचा पाय परत येताना कधी कधी चुका होतात, एखादे बोट जास्त येते, दोन हाडे जुळून जातात, आणि या चुकांचा एक ठरावीक साचा असतो. बर्लिनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातील नादिया फ्रोबिश आणि सहकाऱ्यांना सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीच्या मायक्रोमेलरपेटॉन या उभयचराच्या जीवाश्मांत त्याच साच्यातल्या चुका आढळल्या. २०१५ मध्ये त्यांनी दाखवले की, सरीसृप-सस्तनांकडे जाणाऱ्या वंशरेषेजवळच्या काही प्राचीन प्राण्यांतही पुनर्जननाच्या खुणा आहेत. म्हणजे पाय परत उगवण्याची क्षमता चौपदींची जुनी ठेव असावी, जी सॅलमँडरने राखली आणि आपण गमावली.

मग पालीचे काय? तिची शेपटी या जुन्या ठेवीचा अवशेष दिसत नाही. तिचा पाय तुटला तर तो परत येत नाही, हे लक्षात घ्यावे. पालीच्या शेपटीच्या मणक्यांत आधीपासूनच तुटण्याच्या जागा असतात आणि स्नायू आवळून ती स्वतःच शेपटी तोडून टाकते. नवी शेपटी बाहेरून बरी दिसली तरी आत मणके नसतात, कूर्चेची एक सलग नळी असते आणि मज्जारज्जूही अपुरा असतो. त्या भागात तुटण्याच्या जागा नसल्यामुळे पुढच्या वेळी तिला वरच्या, मूळ मणक्यांत तुटावे लागते. शेपटी सोडून पळण्याची ही सोय सरीसृपांत फार जुनी आहे. कॅप्टोरायनस नावाच्या सुमारे २८ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या सरीसृपाच्या मणक्यांत तशा फटी सापडल्या आहेत. सरड्याच्या कुळाने ती सोय बहुतांशी सोडली आणि तिच्याबरोबर शेपटी उगवणेही गेले. घोरपडीतही ते नाही. सापसुरळीने दोन्ही राखले. वर्गातल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, पाल आणि सरडा यांच्या पूर्वजांजवळ ही सोय होती, आणि तुटण्याची जागाच जिथे राहिली नाही, तिथे उगवण्याची निवड व्हायला प्रसंगही उरला नाही. या एका बाबतीत वाइझमान यांचे म्हणणे लागू पडते, हे मॉर्गन यांच्या चाहत्यानेही मान्य करायला हवे.

सस्तन प्राण्यांनी इतके का गमावले, याची कारणे एकाहून अधिक असणार. उष्ण रक्त हे एक संभाव्य कारण. आपल्याच देशातल्या ओढ्यांमधला, आता जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचलेला झेब्रामासा आपल्या हृदयाच्या जवनिकेचा, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचा, पाचवा हिस्सा कापला तरी तो दोनेक महिन्यांत भरून काढतो, हे २००२ मध्ये कळले. उंदराच्या एका दिवसाच्या पिल्लालाही ते जमते, सात दिवसांच्या पिल्लाला जमत नाही, हे २०११ मध्ये. त्या एका आठवड्यात काय बदलते? २०१९ च्या एका अभ्यासात ४१ पृष्ठवंशी जातींच्या हृदयपेशी तपासल्या गेल्या आणि शरीराचे तापमान व चयापचय जितके जास्त, तितक्या विभाजन थांबवलेल्या पेशी जास्त, असा संबंध आढळला. मध्ये उभे असते थायरॉइडचे संप्रेरक. उंदराच्या हृदयात त्याचा परिणाम रोखला तर पेशी जास्त काळ विभागत राहतात, आणि झेब्रामाशाला ते जादा दिले तर त्याचे हृदय नीट भरून येत नाही. बेडूकमाशाचा बेडूक करणारेही हेच संप्रेरक आहे, आणि बेडूक होता होताच तो पाय उगवण्याची क्षमता गमावत जातो. हा योगायोग नसावा.

कर्करोगाला आळा घालण्यासाठी सस्तनांनी पुनर्जनन सोडले, हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे. मला ते तितकेसे पटत नाही. पेशींचे विभाजन मोकळे सोडण्यात धोका असेल तर सॅलमँडरमध्ये कर्करोग फार दिसायला हवा होता, आणि तो उलट क्वचितच आढळतो.

यानंतरचा धागा भारतातून जातो आणि त्याची आपल्याकडे पुरेशी चर्चा होत नाही, याचे मला वाईट वाटते. १९७८ मध्ये जयपूरच्या राजस्थान विद्यापीठातील आय. ए. नियाझी आणि सक्सेना यांनी भेकाच्या, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाच्या, पिल्लांचे पाय कापून त्यांना जीवनसत्त्व ‘अ’ च्या द्रावणात ठेवले, तेव्हा नवा पाय विचित्र रीतीने वाढला. १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये माल्कम मेडन यांनी ॲक्सोलोटलवर दाखवले की, पाय मनगटाशी कापूनही जीवनसत्त्व ‘अ’ दिल्यास तिथून फक्त पंजा नव्हे, तर खांद्यापासूनचा संपूर्ण पाय उगवतो. पेशींना आपण शरीरात कुठे आहोत याचे भान देणारी यंत्रणाच या द्रव्याने मागे सरकवली होती. आणि १९९२ मध्ये उत्कल विद्यापीठाच्या प्रियंवदा मोहंती-हेजमाडी व सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत जे प्रसिद्ध केले ते वाचून आजही आश्चर्य वाटते. धोक्याच्या वेळी अंग फुगवणाऱ्या एका भारतीय बेडकाच्या बेडूकमाशांची शेपटी कापून त्यांना जीवनसत्त्व ‘अ’ दिले, तर शेपटीच्या जागी पाय उगवले. एका जागी दुसराच अवयव येतो, या हेर्ब्स्ट यांच्या जुन्या निरीक्षणाचे पृष्ठवंशी प्राण्यातले हे रूप होते.

हाच धागा २०२५ मध्ये सस्तनांपर्यंत पोहोचला. सशाच्या कानाला मोठे छिद्र पाडले तर ते कूर्चेसकट पूर्ण भरते, उंदराच्या कानात ते तसेच राहते, हे जुने ज्ञान आहे. चीनमधील संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये दाखवले की, फरक मुख्यतः एका जनुकावर ठरतो. जीवनसत्त्व ‘अ’ पासून रेटिनॉइक आम्ल बनवणाऱ्या विकराचे, म्हणजे एएलडीएच१ए२ चे जनुक, जखमेनंतर सशात जोमाने काम करते आणि उंदरात पुरेसे करत नाही. जनुक उंदरातही आहेच. जखमेला प्रतिसाद म्हणून ते चालू करणारे त्याच्या शेजारचे डीएनएचे भाग उंदराच्या वंशात निष्क्रिय झाले आहेत. बाहेरून रेटिनॉइक आम्ल दिले, किंवा सशाचा तो नियामक भाग उंदराच्या जनुकसंचात घातला, तर उंदराचा कान भरून येऊ लागला. चपट्या कृमींसारखीच ही स्थिती आहे: सामग्री शिल्लक, सुरुवातीचा संदेश गहाळ. मात्र कानाची पाळी म्हणजे हात नव्हे. तिच्यात हाडे नाहीत, सांधे नाहीत, बोटांची रचना नाही, आणि ही बातमी सांगताना काही ठिकाणी माणसाचे हातपाय आता उगवणार अशा थाटात जे लिहिले गेले, ते मुळीच जबाबदार नव्हते.

माणसाजवळही थोडे उरलेले आहे. यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेला भाग वाढून वजन भरून काढतो, जरी गेलेला आकार जसाच्या तसा परत येत नाही. लहान मुलाच्या बोटाचे टोक नखाच्या मुळाच्या पुढे तुटले, तर ते नखासह परत वाढू शकते, शेफील्डच्या डॉ. सिंथिया इलिंगवर्थ यांनी १९७४ मध्ये दारात बोटे चेंगरलेल्या मुलांवरून ते नोंदवले. उंदरांवरच्या पुढच्या कामातून कारणही उलगडले आहे: नखाच्या मुळाशी असलेल्या मूलपेशी आणि तिथला विंट संदेश. पुन्हा तोच विंट. कडबा कुट्टीच्या यंत्रात किंवा उसाच्या चरकात सापडलेल्या बोटाला मात्र या क्षमतेचा काही उपयोग नसतो, कारण तिथे घाव नखाच्या फार मागे बसतो.

सस्तनांनी केवळ गमावलेच, असे मात्र नाही. सातपुड्यातल्या सांबराची शिंगे गळतात आणि नव्याने येतात. हाड, त्यावरची त्वचा, रक्तवाहिन्या, मज्जातंतू असा पूर्ण अवयव प्रौढ सस्तन प्राण्यात पुन्हा पुन्हा तयार होण्याचे असे दुसरे उदाहरण नाही, आणि मोठ्या हरणांत ही वाढ दिवसाला एक-दोन सेंटिमीटरपर्यंत जाते. ती सॅलमँडरच्या वाटेने होत नाही. कवटीवरच्या हाडाच्या खुंटाला वेढणाऱ्या पातळ आवरणात मूलपेशी असतात. वयात न आलेल्या हरणातले त्या जागेचे आवरण काढून पायाच्या हाडावर बसवले तर तिथेही शिंग फुटते. हरणांच्या वंशात हे नव्याने घडलेले आहे, जुन्या ठेवीतून आलेले नाही. आमच्या हरभऱ्याच्या शेतात रात्री घुसणाऱ्या नीलगायीच्या नराला पोकळ आवरणाची, कधी न गळणारी शिंगे असतात. त्यातले एक मुळापासून मोडले, तर त्याच्या जागी दुसरे येत नाही.